भ्रूणाची निवड : विज्ञान, कायदा आणि विवेक

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी एक चित्र डोळ्यांसमोर आणावे, अशी माझी विनंती आहे. वंध्यत्वावरील उपचार करणाऱ्या केंद्राची प्रयोगशाळा आहे. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअस तापमानात एका लहानशा पात्रात सहा भ्रूण वाढत आहेत. सहाही एकाच दांपत्याचे. प्रत्येकाचा आकार मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढा. त्यांपैकी एकच आज मातेच्या गर्भाशयात ठेवावयाचा आहे. तो कोणता?

या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे संभवतात. ‘जो सर्वांत निकोप वाढत आहे तो’, हे पहिले. ‘ज्याला घराण्यातील गंभीर आजार लाभलेला नाही तो’, हे दुसरे. आणि ‘जो मुलगा आहे तो’, हे तिसरे. पहिल्या उत्तरामागे भ्रूणशास्त्र आहे, दुसऱ्यामागे आनुवंशिकी आहे, आणि तिसरे उत्तर आपल्या देशात गुन्हा आहे. विशेष म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरासाठी लागणारे तंत्र जवळजवळ एकच आहे. तंत्र एकच असताना समाजाने त्याचा एक उपयोग मान्य करावा आणि दुसरा निषिद्ध ठरवावा, हे कशाच्या आधारे? आजच्या विवेचनाचा गाभा हा आहे.

थोडा इतिहास

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ लुईस ब्राऊन जन्मली. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि भ्रूणशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्या जीन पर्डी यांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचे हे फळ होते. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’चा जन्म झाला. भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात ठेवण्याची त्यांची पद्धत काळाच्या पुढची होती. परंतु त्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या मुलीची नोंद देशातील पहिली शास्त्रशुद्ध टेस्ट ट्यूब बेबी म्हणून झाली. या कार्यात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासमवेत असलेले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे डॉ. मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे जाहीरपणे मांडले. वैज्ञानिक प्रामाणिकपणाचे हे उदाहरण आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भ्रूण निवडीचा इतिहास मात्र याहून जुना आहे. १९६८ मध्ये एडवर्ड्स आणि रिचर्ड गार्डनर यांनी केंब्रिज येथे सशाच्या भ्रूणातून काही पेशी काढून त्यांचे लिंग ओळखले आणि नंतर ते भ्रूण सशाच्या गर्भाशयात ठेवले. मानवी भ्रूणावर हे तंत्र १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरले. ‘एक्स’ गुणसूत्राद्वारे संक्रमित होणारे आणि मुलग्यांना जडणारे गंभीर आजार ज्या कुटुंबांत होते, तेथे स्त्रीलिंगी भ्रूण निवडण्यात आले. म्हणजेच भ्रूणात सर्वप्रथम जे ओळखले गेले, ते लिंगच होते. हेतू होता आजार टाळण्याचा, आणि निवडल्या गेल्या त्या मुली. हे तंत्र भारतात आले, तेव्हा त्याचा वापर नेमका उलट दिशेने होण्याची भीती होती. ती निराधार नव्हती, हे पुढे आपण पाहणारच आहोत.

डोळ्यांनी होणारी निवड

निवडीची सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे सूक्ष्मदर्शकातून केलेले निरीक्षण. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन झाल्यानंतर १६ ते १८ तासांनी तपासणी केली असता दोन केंद्रके दिसली, तर फलन योग्य रीतीने झाले, असे मानतात. दुसऱ्या दिवशी साधारणतः चार पेशी आणि तिसऱ्या दिवशी आठ पेशी अपेक्षित असतात. पेशी समान आकाराच्या आहेत काय, त्यांचे तुकडे किती पडले आहेत, विभाजनाची गती योग्य आहे काय, यांवरून भ्रूणाची प्रत ठरते.

पाचव्या दिवशी भ्रूण ‘ब्लास्टोसिस्ट’ अवस्थेला पोहोचतो. त्याच्या आत द्रवाने भरलेली पोकळी असते. एका बाजूला पेशींचा पुंजका असतो, त्यातून पुढे बाळ घडते. भोवतालच्या पेशींच्या थरातून वार, म्हणजे अपरा, तयार होते. गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट यांनी १९९९ मध्ये या अवस्थेसाठी सुचविलेली श्रेणीपद्धती जगभर वापरली जाते. पोकळीच्या विस्तारासाठी १ ते ६ अंक, आतील पुंजक्यासाठी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि बाहेरील थरासाठी पुन्हा ‘ए’, ‘बी’, ‘सी’. ‘४एए’ असा शेरा असलेला भ्रूण उत्तम समजला जातो. २०११ मध्ये इस्तंबूल येथील सहमतीतून या मूल्यमापनाला आंतरराष्ट्रीय एकवाक्यता देण्याचा प्रयत्न झाला.

भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढविणे हीदेखील एक प्रकारची निवडच होय. फलन झालेल्या बीजांपैकी साधारण निम्मीच या अवस्थेपर्यंत पोहोचतात. उरलेली आपोआप मागे पडतात. तथापि, या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. दिसावयास देखणा असलेला भ्रूण गुणसूत्रांच्या दृष्टीने सदोष असू शकतो आणि ‘सी’ श्रेणीच्या भ्रूणापासूनही निरोगी बालक जन्मू शकते. शिवाय दोन अनुभवी भ्रूणतज्ज्ञांचे मत एकाच भ्रूणाबाबत भिन्न असू शकते.

कॅमेरा आणि संगणक

हा मतभेद कमी व्हावा, या अपेक्षेने ‘टाइम-लॅप्स’ इन्क्युबेटर आले. त्यांतील कॅमेरा दर काही मिनिटांनी भ्रूणाचे छायाचित्र घेतो, त्यामुळे भ्रूण बाहेर न काढता विभाजनाचा संपूर्ण क्रम पाहता येतो. कल्पना आकर्षक होती आणि अनेक देशांत ही सेवा अतिरिक्त शुल्क आकारून दिली जाऊ लागली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटन आणि हाँगकाँग येथील १,५७५ सहभागींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या यंत्रणेमुळे जिवंत बालकजन्माचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची कथाही बोधप्रद आहे. २०२४ मध्येच ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०६६ रुग्णांच्या चाचणीत संगणकाने निवडलेल्या भ्रूणांपासून गर्भधारणेचे प्रमाण ४६.५ टक्के, तर तज्ज्ञांनी निवडलेल्या भ्रूणांपासून ४८.२ टक्के होते. संगणक तज्ज्ञांपेक्षा कमी नाही, एवढेदेखील या चाचणीत सिद्ध होऊ शकले नाही. मात्र संगणकाला निर्णयासाठी तज्ज्ञांच्या सुमारे एक-दशांश वेळ लागला. वेळेची बचत हा खरा लाभ आहे. परंतु वेळेची बचत आणि फलनिष्पत्तीतील वाढ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे धोरण ठरविताना विसरता कामा नये.

गुणसूत्रांची गणना

आता आपण भ्रूणाच्या अंतरंगात जाऊ. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. एखादे गुणसूत्र कमी वा अधिक झाले, तर बहुधा भ्रूण रुजत नाही किंवा गर्भपात होतो. काही वेळा डाऊन सिंड्रोमसारखी स्थिती घेऊन बालक जन्मते. स्त्रीच्या वयानुसार हा दोष वाढत जातो. चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक भ्रूणांत तो आढळतो. त्यामुळे गुणसूत्रे मोजून योग्य भ्रूण निवडावा, हा विचार साहजिकच पुढे आला. या तपासणीस ‘पीजीटी-ए’ असे संबोधले जाते.

पूर्वी तिसऱ्या दिवशीच्या आठ पेशींपैकी एक पेशी काढून मोजक्या गुणसूत्रांची तपासणी करीत. ही पद्धत अनेक वर्षे रूढ होती. २००७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ३५ ते ४१ वयोगटातील ४०८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी केलेल्या गटात जिवंत बालकजन्माचे प्रमाण २४ टक्के आणि तपासणी न केलेल्या गटात ३५ टक्के होते. म्हणजे ज्या तपासणीने यश वाढेल, असे गृहीत धरले होते, तिने ते घटविले होते! पुराव्याअगोदर प्रसार झाला की काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

त्यानंतर तंत्र सुधारले. आता पाचव्या किंवा सहाव्या दिवशी बाहेरील थरातून पाच ते दहा पेशी काढतात. बाळ ज्यातून घडते, त्या पुंजक्याला हात लावला जात नाही. भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि नव्या पिढीच्या अनुक्रमणयंत्रावर सर्व गुणसूत्रे तपासतात. तरीही २०२१ मध्ये चीनमधील १,२१२ स्त्रियांवरील अभ्यासात, २० ते ३७ या वयोगटात, तपासणी केलेल्या गटात एकूण जिवंत बालकजन्म ७७.२ टक्के आणि न केलेल्या गटात ८१.८ टक्के आढळला. गर्भपाताचे प्रमाण मात्र अनुक्रमे ८.७ आणि १२.६ टक्के होते.

असे का व्हावे? याचे उत्तर साध्या तर्कात आहे. निवडीने कोणताही भ्रूण सुधारत नाही. निवड केवळ क्रम बदलते. सहा भ्रूणांपैकी दोनच रुजण्याजोगे असतील, तर कोणतीही चाचणी त्यांचे तीन करू शकत नाही. ती फार तर ते दोन आधी शोधून देते, त्यामुळे वेळ वाचतो आणि गर्भपाताचे दुःख टळते. उलट, चाचणी चुकली तर रुजण्याजोगा भ्रूणही बाजूला पडतो. ही भीती काल्पनिक नाही. काही भ्रूणांत निकोप आणि सदोष अशा दोन्ही पेशी मिसळलेल्या असतात. अशा संमिश्र भ्रूणांपासूनही निरोगी बालके जन्मल्याचे २०१५ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून वाढलेले वय, वारंवार होणारे गर्भपात अशा स्थितीत विचारपूर्वक वापर आणि सरसकट वापर यांत अंतर ठेवणे आवश्यक आहे. उपचारासाठी दागिने गहाण ठेवून आलेल्या दांपत्याला हे अंतर समजावून सांगणे, हे वैद्यकाचे कर्तव्यच होय.

ज्ञात आजाराचे निवारण

ज्या कुटुंबात विशिष्ट आनुवंशिक आजार आहे, तेथे या तंत्राची उपयुक्तता निर्विवाद आहे. थॅलेसेमियाचे उदाहरण घेऊ. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक या आजाराचे वाहक आहेत आणि काही समाजांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बालक आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. आजारी बालकाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. गर्भधारणेनंतर निदान झाले, तर मातेपुढे गर्भपाताचा कठोर निर्णय उभा राहतो. भ्रूणावस्थेतच निदान झाल्यास तो प्रसंग टळतो. या तपासणीस ‘पीजीटी-एम’ म्हणतात.

याच तंत्राचा एक पुढचा टप्पा अहमदाबाद येथे पाहावयास मिळाला. थॅलेसेमियाग्रस्त मुलाच्या पालकांनी आजारमुक्त आणि ज्याच्या पेशी मुलाशी जुळतील, अशा भ्रूणाची निवड केली. २०१८ मध्ये मुलगी जन्मली आणि मार्च २०२० मध्ये तिच्या अस्थिमज्जेचे भावाच्या शरीरात यशस्वी रोपण झाले. अशा निवडीचे गणित पाहा. भ्रूण आजारी नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांश आणि पेशी जुळण्याची एक-चतुर्थांश. दोन्ही एकत्र असण्याची शक्यता १६ पैकी ३. या घटनेतून नैतिक प्रश्नही उभा राहिला. एका बालकाचा जन्म दुसऱ्याच्या उपचारासाठी व्हावा काय? बहिणीने भावाला जीवदान दिले, हे खरे. परंतु ज्या व्यक्तीची संमती घेणे शक्यच नव्हते, तिचे हित कोण पाहणार, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू होत नाही. ते बालक स्वतःसाठीही तितकेच हवेसे आहे, याची खात्री समुपदेशनातून करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

येथे व्यापक धोरणाचाही विचार करावा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट असून सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचा संकल्प आहे. आदिवासी पाड्यावरील दांपत्यासाठी भ्रूणाची तपासणी हा सहज उपलब्ध होणारा मार्ग नव्हे. रक्ताची साधी तपासणी आणि विवाहापूर्वीचे समुपदेशन हाच त्यांचा पहिला आधार आहे. महागडे तंत्रज्ञान सार्वजनिक आरोग्यसेवेची जागा घेऊ शकत नाही. गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०२३ साली वंध्यत्वावरील विनामूल्य उपचार सुरू झाले, तशा सोयी अन्यत्र वाढल्यास ही दरी काही अंशी कमी होईल.

कायद्याची चौकट

लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा करण्याचे श्रेय १९८८ मध्ये महाराष्ट्राकडे जाते. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. पुढे गर्भधारणेपूर्वीही निवड करता येऊ लागली, तेव्हा हा कायदा अपुरा ठरला. ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था तसेच साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २००२ ची दुरुस्ती १४ फेब्रुवारी २००३ पासून लागू झाली आणि कायद्याच्या नावातच ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द आला. कलम ३-अ नुसार स्त्री, पुरुष, त्यांचे बीज अथवा भ्रूण यांच्यावर लिंगनिवडीचे कोणतेही तंत्र वापरण्यास मनाई आहे.

हे कशासाठी करावे लागले, ते जनगणनेच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या देशात १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१९ होती. महाराष्ट्रात ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती. पहिला कायदा करणाऱ्या राज्यातच घसरण व्हावी, ही आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी बाब आहे.

सहायक जननतंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याच्या कलम २५ नुसार भ्रूणाची आनुवंशिक तपासणी ज्ञात, पूर्वीपासून असलेल्या, आनुवंशिक वा जनुकीय आजारांसाठीच करता येते. कलम २६ लिंगनिवडीस मनाई करते. लिंगाशी निगडित आजाराचे निदान वा प्रतिबंध एवढाच त्याला अपवाद आहे. लिंगनिवडीच्या सेवेची जाहिरात केल्यास पाच ते दहा वर्षे कारावास अथवा १० ते २५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भ्रूण दहा वर्षांपर्यंतच साठविता येतो. तपासणीत सर्व गुणसूत्रे मोजली जात असल्याने लिंगही कळतेच. म्हणून अहवालात ते झाकून ठेवावे लागते. ‘एवढे पैसे आम्हीच भरले, मग आमच्याच बाळाविषयीची माहिती आम्हाला का नको?’ असा प्रश्न पालकांकडून येऊ शकतो. त्याचे उत्तर असे, की त्या माहितीचा कोणत्याही उपचारासाठी उपयोग नाही. तिचा एकच उपयोग संभवतो, आणि तो उपयोग जी जन्मणार होती तिच्याविरुद्ध आहे.

सुचिता श्रीवास्तव प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने अपत्यविषयक निर्णयाचे स्वातंत्र्य हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आहे. मात्र हे स्वातंत्र्य अनिर्बंध नाही. अपत्य हवे की नको, हा प्रश्न व्यक्तीचा आहे. ‘मुलगी नको’, हा निर्णय समतेच्या तत्त्वावरच आघात करतो.

उद्याचे प्रश्न

काही देशांत आता उंची, मधुमेहाचा धोका, बुद्धिमत्ता अशा शेकडो जनुकांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गुणांचे भाकीत भ्रूणावरून करण्याचा व्यवसाय सुरू झाला आहे. हे गुण एका जनुकाने ठरत नाहीत. पाच-सहा भ्रूणांतून निवड करताना पडणारा फरक अल्प असतो आणि एका समाजाच्या माहितीवर आधारलेले भाकीत दुसऱ्या समाजाला नीट लागू होत नाही. आपल्या कायद्यातील ‘ज्ञात आजार’ ही मर्यादा येथे उपयोगी पडते. निवड आणि जनुकसंपादन यांतील भेदही ध्यानात ठेवा. २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई यांनी भ्रूणाच्या जनुकांतच बदल केल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर निषेध झाला आणि २०१९ मध्ये त्यांना कारावास झाला.

अखेरीस एक नाजूक मुद्दा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे. म्हणजे एकीकडे शासन हे आजार टाळण्यासाठी भ्रूण निवडीस अनुमती देते आणि दुसरीकडे तेच आजार असलेल्या नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करते. यात विसंगती नाही. आजार टाळावा, आजारी माणसाला टाळू नये. हा भेद पुसला गेला, तर वैद्यकाचे रूपांतर वंशशुद्धीच्या विचारात होण्यास वेळ लागणार नाही. विसाव्या शतकाने त्याची भीषण किंमत मोजली आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या जिल्हाधिकारी, आरोग्य अधिकारी वा धोरणकर्ते होतील. जिल्ह्यात या कायद्याची अंमलबजावणी तुमच्या स्वाक्षरीने होईल. नवे तंत्र समोर येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. याने खरोखर लाभ होतो, याचा पुरावा काय? तो लाभ कोणापर्यंत पोहोचणार? आणि या निवडीत ज्याला नाकारले जाईल, ते कोणत्या कारणासाठी? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा विकासाचा आणि तिसरा न्यायाचा आहे. तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच त्या फाइलवर स्वाक्षरी करा.